पाणवठा क्रमांक चार

साडेपाचला तासगावातून निघालो तेव्हा
इलाहीच्या टेम्पोला बेदाण्याचा वास होता,
थोडा गंधकाचाही.
मागे निळे कॅन, कॅनांवर सतरंजी,
सतरंजीवर मी, मंदाकिनी आणि तिचा भाऊ उल्हास,
गळ्यात दुर्बीण, पायात कोरे बूट.

कवठेमहांकाळ मागे पडलं.
द्राक्षांच्या तारा संपल्या,
मग झाडं,
मग बोलणंही.
पवनचक्क्या तेवढ्या उभ्या,
तीन बोटांवर काहीतरी मोजायला घेऊन
मधेच विसरलेल्या.

जतच्या पुढे डांबर सुटलं.
फाटकाशी सिदराया बिराजदार,
वर खात्याचा खाकी शर्ट, खाली लुंगी.
"चिंकारा बघायचा म्हणता?
त्यानं तुम्हाला कवाच बघितलंय."

ओढ्याच्या वाळूत चाक रुतलं
तिथून चालत.
एप्रिलचा माळ, रंग भाजक्या खापराचा.
कुसळं मोज्यांत शिरली आणि तिथंच राहायला आली.
मंदाकिनी वहीत टिपत होती:
लेंड्या, काळ्या, ताज्या.
खुरांचे ठसे, सुपारी मधून कातरल्यासारखे.
दगडावर सरडा, गळ्याखाली निळा-केशरी पंखा
उघडून, मिटून, पुन्हा उघडून
(मादी कुठंच दिसत नव्हती).
पखुर्ड्यांची एक जोडी, पायाखालून उडेपर्यंत मातीच असलेली.
हरीण, शून्य.

उल्हास दोनदा म्हणाला, "एवढ्यासाठी आलो?"

अकराला सिदराया म्हणाला, "चला आता कामाला."
तेव्हा कळलं,
पहाटेपासून आम्ही पाण्यावर बसलो होतो.
फेरी त्याची होती.
आम्ही वाटेत घेतलेले.

टेम्पो हलेना, म्हणून कॅन खांद्यावर.
एकेक वीस लिटरचा.
ओझं घेतलं की माळ सपाट राहत नाही,
त्याचे सगळे चढ
गुडघ्यांना एकेक करून सांगितले जातात.

सिमेंटचा उथळ खळगा.
कडेवर गेरूने: पाणवठा क्र. ४.
तळाशी वाळलेलं शेवाळ, एक मेलेली गांधीलमाशी.
सिदरायानं ती उचलून सावलीला ठेवली
आणि कॅन कलता केला.

तेवढ्या उन्हात तो आवाज
दुसऱ्याच्या घरातला वाटला.

माझ्या कॅनमध्ये तळाला ओंजळभर उरलं होतं.
तोंडावर मारायला हात पुढे केला.
तो काही बोलला नाही,
नुसता बघत राहिला.
मी तेही ओतलं.

"थांबूया का जरा?" उल्हासनं विचारलं, आता हळू आवाजात.
"तुम्ही थांबला की तीबी थांबत्यात.
पलीकडं. तहानंनं."

मागं न बघता निघालो.

ओढ्यात इलाहीनं किल्ली फिरवली,
आणि सकाळी चौघांनी ढकलून न निघालेला टेम्पो
पहिल्या झटक्यात वर आला,
हलका झाला होता ना.
रिकामे कॅन जतपर्यंत एकमेकांवर आपटत राहिले.

"दिसलं का काय?" त्यानं आरशातून विचारलं.
मंदाकिनी म्हणाली, "हो."
वही तिनं केव्हाच मिटली होती.