एवढासाच?

सासूबाई मोलोच्या डोंगरावरून उतरल्या
दोन बस बदलून,
डोक्यावर पोतं, पोत्याला दोरीच्या सात गाठी.
आत वाळलेली पायरेथ्रमची फुलं,
शेवंतीच्या वळणाची, मधे पिवळा डोळा.

चाळीस वर्षं कोबिलोनं हीच खुडली,
दोन बोटांत मान धरून, देठ न घेता.
कारखान्याचा माणूस काट्यावर घालायचा,
मूठभर चुरगळून हुंगायचा,
दमट निघाली तर अर्धेच पैसे.
पुढे त्यांचं काय होतं?
"डास मरतात म्हणे."
एवढंच.

डोंगरावर डास नसतो.
तिथं जुलैत बादलीतलं पाणी कडेनं गोठतं.

इथं सरोवराकाठी
दिवे लागायला आणि तो यायला एकच वेळ.
मी त्याच्यासोबतच वाढले.
पण किबिवोत थंडीतलं पोर,
पहिल्याच वर्षी तीनदा तापानं फणफणला.
चौथ्यांदा होडीतून उचलून आणला,
ओमेनाच्या जाळ्यावरच निजवून.
त्या तापाची बातमी ऐकून त्या आल्या.

मला वाटलं, आता बोल लावतील.
खिडकीत माझी रानतुळशीची डबडी होती,
एक तेलाचं, दोन रंगाची.
तिन्हीसांजेला पानं चोळायची,
हात अंगावरून फिरवायचे,
फांदी मच्छरदाणीच्या भोकात खोचायची,
आईनं शिकवलं तसं.
त्यांनी एक पान तोडलं, हुंगलं,
काही बोलल्या नाहीत.

पहिल्या रात्री
अंधारात चापट वाजली.
मग दुसरी.
मी कंदील वर केला तर
सासूबाई उठून बसलेल्या, तळहात उघडा,
त्यावर एक काळा धागा आणि लाल ठिपका.

"हाच का तो?"
"हाच."
"एवढासाच?"

खूप वेळ त्या बघत राहिल्या.
मग दुसरा हात मागे नेऊन
स्वतःची कंबर चाचपली,
जिथं चाळीस वर्षांचं वाकणं बसलंय.
"याच्यासाठी होय," म्हणाल्या,
आणि हसू लागल्या,
इतक्या की किबिवोत तापातही जागा झाला,
आणि शेजारची कुत्री भुंकली.

मग पोत्याची गाठ सुटली.
खापरावर शेणाचा निखारा, वर मूठभर फुलं.
धूर निळसर, घशाला कडू.
त्यांच्या पांढऱ्या फुलांचा धूर
माझ्या तुळशीवरून बाहेर गेला.
सगळे डास पळाले असं नाही.
मच्छरदाणीला ठिगळ मी सकाळीच लावलं,
दवाखान्याच्या गोळ्याही पूर्ण दिल्या.
पण त्या रात्री कानाशी गुणगुण थांबली
आणि तो घाम येऊन झोपला.

जाताना त्यांनी पोतं ठेवलं,
रंगाचं एक डबडं मागितलं.
मी म्हटलं, तिकडं डास नाहीत, शिवाय दहिवर मारील.
"मारू दे," म्हणाल्या.

जुलैत फोन आला.
किबिवोत कसा, होडी कशी, मासळीला भाव काय.
सगळ्यात शेवटी, जाता जाता:
"तुझं झाड काल काळं पडलं गं.
डबडं ठेवलंय पण.
माती अजून वास मारते."