कुत्र्यांकडे

दर गुरुवारी संध्याकाळी बेरिल ट्रँटर
ओठांना लाली लावून शेजारणीला सांगायची,
"कुत्र्यांकडे चाललेय."
राहायची बार्किंगमध्ये. गावाचं नावच भुंकणारं,
त्यामुळे कुणाला वावगं वाटत नसे.
तिच्या भाषेत वाटोळं झालेली गोष्टसुद्धा
कुत्र्यांकडेच जाते:
कारखाना, पोस्टखातं, देश, नवरा.

आल्डर लेनच्या ट्रॅकवर ती बुकीची कारकून.
एकोणचाळीस वर्षं,
म्हणजे तिच्या शब्दांत, गाढवाची वर्षं.
पत्र्याच्या छपराखाली, बोटं कापलेले हातमोजे घालून
जाडजूड वहीत जनावरं उतरवून घ्यायची.
तट्टू म्हणजे पंचवीस पौंड,
माकड म्हणजे पाचशे.
"तीन नंबरावर एक माकड,"
कॉलर वर केलेला माणूस पुटपुटायचा
आणि बेरिल मान वर न करता लिहायची.
इतकी तट्टं हाताखालून गेली,
एकानेही लीद टाकली नाही.
माकडांपैकी एकालाही शेपूट नव्हतं.

खरी जनावरं एवढीच: सहा हाडकुळे कुत्रे,
फळीच्या दाराआड थरथरणारे,
आणि त्यांच्यापुढे रुळावरून सुसाट सुटलेला ससा,
तोही चिंध्यांचा.

सात वर्षांची होती तेव्हा
आई मावशीच्या कानात म्हणाली होती,
"स्टॅन पक्षी भोगतोय. अठरा महिन्यांचा."
बेरिलने ते ऐकलं.
गोळ्यांचे पैसे साठवले, कोपऱ्यावरच्या दुकानातून
राळ्याची पुडी आणली
आणि भेटीच्या दिवशी कोटाच्या खिशात घेऊन गेली.
दारावरच्या पहारेकऱ्याने पुडी उलटी केली,
काही लपवलंय का बघितलं,
कागद तेवढा परत दिला.
आत बापाने विचारलं, मुठीत काय गं?
ती म्हणाली, काही नाही.
बाहेर येईतो चिमण्यांनी फरशी साफ केली होती.

बापाला पकडून देणारा तो उंदीर, हे तिला नंतर कळलं.
उंदीर म्हणजे तिचा मामाच, हे त्याहून नंतर.
नाताळात त्यांच्याच टेबलाशी बसून
तो चीजचा तुकडा मागून घ्यायचा.

आणि व्हिक.
व्हिक गेला तो चहाच्या डब्यातलं माकड घेऊन.
तट्टू मात्र ठेवून गेला,
नीट घडी घालून, डब्याच्या तळाशी.
माकडाचं तिला काही वाटलं नाही,
माकडं काय, येतात, जातात.
सगळं नेलं असतं तर चोर म्हणून मोकळी झाली असती.
पंचवीस पौंड ठेवले,
म्हणजे निघताना त्याला तिची कीव आली होती.
ते तट्टू तिने मोडलं नाही.
नोट जुनी होऊन चलनातून गेली तरी.

ट्रॅक बंद झाला त्या रात्री
पाऊस नव्हता, भाषणं नव्हती.
तिथे फ्लॅट होणार होते.
म्हातारे बियरचे ग्लास धरून म्हणाले,
"गेलं सगळं कुत्र्यांकडे,"
आणि कुत्रे व्हॅनमध्ये चढून
दुसरीकडेच निघून गेले.
एक राहिला. सहा नंबरचा, पट्ट्यापट्ट्यांच्या झुलीचा,
मागचा पाय अधू.
त्याच्यावर कुणी तट्टूसुद्धा लावलं नसतं.
बेरिलने वही काखेत मारली
आणि त्याच्या गळ्यातली दोरी हातात घेतली.

पूर्ण आयुष्य सपाट वाळूवर गेलेलं.
त्याने जिना कधी पाहिलाच नव्हता.
खालच्या पायरीशी थबकून
तो तिच्याकडे बघत राहिला.
ती त्याला काय काय म्हणाली,
बदक, कोकरू, म्हातारा बोकड,
एका लाडाच्या नावाचाही परिणाम नाही.
मग ती एक पायरी चढली, कठडा धरून,
गुडघा सरळ होईपर्यंत थांबली.
त्याने पुढचा एक पंजा उचलून ठेवला.
लिफ्ट बिघडलेली होती.
घर तिसऱ्या मजल्यावर.