न नेलेले फोन

मोआ नदीच्या अलीकडे, होडीच्या धक्क्यावर
माझी टपरी. एक जनरेटर, बावीस पिना,
आणि एक लांब फळी. तिच्यावर गावाचे फोन
शेजारी शेजारी निजतात.
पावती म्हणजे पाठीवर चिकटपट्टी,
पट्टीवर नाव: ब्रिमा. कुम्बा. वांडी सुतार.

फोन जागा होतो तेव्हा आधी थरथरतो,
मग तीन दिवसांचं साचलेलं एकदम बोलतो.
त्या तापाच्या वर्षी सगळे एकच बोलायचे.
अकरा सेकंद. बाईचा आवाज, आपल्या मेंडेतला,
मागे कोंबडा आरवत होता:
"पांढऱ्या गाडीत बसू नका. फवाऱ्यात विष आहे.
गेलेलं कोण परत आलं, सांगा."

कोण बाई, कुठल्या गावची, कुणी विचारलं नाही.
कोंबडा ओळखीचा वाटला,
तेवढं पुरलं.

मीही लावायचो ते, भोंग्यावर, दिवसातून कितीदा.
खोटं कशाला सांगू, गिऱ्हाईक थांबायचं.
वांडी दोनदा ऐकून गेला, काखेत रंधा,
म्हणाला, "बाईच्या बोलण्यात दम आहे."

नर्स बैन्दू कालोनही येऊन गेली होती.
तिचं बोलणं चार मिनिटांचं.
त्यात "बहुतेक" होतं, "अजून नक्की ठाऊक नाही" होतं,
"लवकर आलात तर वाचायची आशा जास्त" होतं,
एकवीस दिवसांचा हिशेब, मयताला हात न लावण्याची विनवणी.
तेही लावलं मी.
दुसऱ्या मिनिटाला लोक मासळी बघायला गेले.
तिसऱ्याला मीच आवाज बारीक केला.

वांडीच्या बायकोला ताप चढला
तेव्हा त्यानं दाराला आतून फळ्या ठोकल्या.
गाडी आली, हाका मारमारून गेली.
आठवड्यानं त्या फळ्या बाहेरच्यांनी काढल्या.
खिळा न् खिळा सरळ निघाला,
इतकं नीट काम.

आणि मग कुम्बा आली.
गाडीत बसून गेलेली, गाडीतूनच परतलेली,
बरी झाल्याचा कागद प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात.
टपरीपुढची माणसं वाळूसारखी सरकली.
"माझा फोन," ती म्हणाली.
मी तो फळीवरून काठीनं पुढे ढकलला.
काठीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "मला बोलायचंय. किती वेळ बोलू?"
"अकरा सेकंद," मी म्हणालो.

"मी कुम्बा. होडीवाल्या तांबाची लेक.
गाडीत बसले. परत आले.
तिथं मला रोज कुणीतरी नावानं हाक मारायचं."
उरलेले सेकंद ती गप्पच.
मागे कोंबडा नव्हता, माझा जनरेटर होता.

ते कुठवर पोचलं, सांगता येत नाही.
नदीपलीकडे ऐकलं म्हणे कुणी.
पण तीही ऐकीवच गोष्ट.

आता ताप नाही. फळीवर नऊ फोन उरलेत,
न्यायला कुणी येत नाही.
रविवारी धक्का रिकामा असतो तेव्हा मी त्यांना पिना लावतो.
का, ते विचारू नका.
परवा वांडीचा जागा झाला, थरथरला,
कुण्या लांबच्या भावानं पाठवलेलं:
तोच कोंबडा, तीच बाई,
खाली लिहिलेलं, "जपून राहा रे. सगळ्यांना कळव."

मी चिकटपट्टीवरचं नाव पुन्हा गिरवलं.
शाई फिकी होत चालली होती.