रकाना दोन : कोणासाठी

चिलोएच्या बेटांवर रेडिओवरून जाणारे निरोप
आम्ही दोघींनी वर्षभर मोजले.
चार हजार एकशे बारा.
यास्नाकडे हिरवी पेन्सिल, माझ्याकडे लाल,
आणि मधे एक भिंत.
खरोखरची नव्हे, पद्धतीची :
एकीने काय लिहिलं ते दुसरीला कळता कामा नये,
नाहीतर एकमत हे एकमत राहत नाही,
नुसती मैत्री होते.

निरोप असे :
ओनोफ्रे नागेल्किन यांस,
गुरुवारच्या लाँचने येतोय, धक्क्यावर घोडा आणावा.
ग्वेन्तेओ मंडळींस,
आजीचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आहे. सूप मागते आहे.
बटाट्याची पोती ज्याने नेली त्यास,
वजनकाटा तुझ्याकडेच राहिलाय, लाज असेल तर आण.
वाहतूक. आरोग्य. व्यवहार.
शेगडीशी बसून शेंगा सोलाव्यात
तसे हात चालत होते.

आणि मग एदुविना बाईंचा :
नोल्बेर्तोला, किल्ली होती तिथेच आहे.

सोमवारी तो. मंगळवारी तोच.
निवेदक रोसामेल तो हवामानाच्या आवाजात वाचायचा,
एकदाही न अडखळता.
वर्षात दोनशे सत्त्याण्णव वेळा.
यास्नाने लिहिलं, मालमत्ता.
मी लिहिलं, इतर.
दोनशे सत्त्याण्णव वेळा आम्ही भांडलो, न बोलता,
आणि एकमताचा आकडा घसरून ०.७८ वर आला.

प्राध्यापक ओयार्सो म्हणाले, तो वगळा,
०.८४ होईल.
फळ्यावर त्यांचा बाण अजून पुसलेला नव्हता :
प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक,
आणि वर ढगासारखा काढलेला गोंगाट.
बाणाला टोक एकच.

मी लाँच पकडली.
दोन तास, ओली लोकर, डिझेल, कोंबड्यांची एक टोपली.
बाईंच्या घराच्या लाकडी खवल्यांना
खाऱ्या वाऱ्याने चंदेरी केलेलं.
नोल्बेर्तो कुठे असतो?
मागायानेसला. मेंढ्या कातरायला गेला. एकोणीस वर्षं झाली.
पण तिथवर हा रेडिओ पोहोचत नाही, बाई.
माहीत आहे मला. मी काय काल जन्मले?

मग निरोप कोणासाठी, हे मी विचारलं.
प्रश्न क्रमांक सात, खुला, सूचक शब्द टाळून.
त्यांनी मला विचारलं, बटाटे खाशील ना.
मी खाल्ले. वहीत लिहिलं : उत्तर नाही.

उत्तर परतीच्या लाँचवर मिळालं,
विचारलेलं नसताना,
रेकॉर्डर बंद करून पिशवीत टाकल्यावर.
नावाडी बार्रिया सुकाणूकडे बघतच म्हणाला,
मागच्या ऑगस्टात एक दिवस
बाईंचा निरोप आला नाही.
संध्याकाळपर्यंत किनाऱ्याला पाच होड्या लागल्या.
तापाने फणफणली होती, फोनपर्यंत जाववत नव्हतं.
सगळ्यांत आधी कोण पोहोचला सांगू?
कुंपणावरून अकरा वर्षं
तिच्याशी शब्द न बोललेला तो खडूस शेजारी.
गोळ्या घेऊन. आणि किल्ली कुठे असते
ते त्याला बरोब्बर ठाऊक.

मग तो गप्प झाला.
इंजिनाचा आवाज. ज्याला आम्ही गोंगाट म्हणतो.

कास्त्रोला परतल्यावर यास्नाशी बोलले,
भिंत पाडून, नियम मोडून.
ती बराच वेळ पेन्सिल चावत राहिली,
आणि म्हणाली, माझं मालमत्ताच.
बरं, म्हटलं. माझं इतर.
आम्ही ०.७८ तसाच ठेवला.
प्राध्यापक आठवडाभर
आमच्याशी फक्त ई-मेलवर बोलले.

एवढं मात्र केलं.
रकाना दोनमध्ये दोनशे सत्त्याण्णव ओळींत
मीच लिहिलेलं होतं : नोल्बेर्तो.
पुढे पूर्णविराम.
नाव खोडलं नाही.
एका संध्याकाळी लाल पेन्सिल घेऊन बसले
आणि त्या प्रत्येक टिंबाला
खाली एकेक शेपटी काढली.