अक्षरामागे दोन पौंड

स्केलरॉइडच्या बँडमध्ये उरले होते अकरा,
अंडरबेकमध्ये नऊ, त्यातला एक दम्याचा.
दोन्ही खाणींना कुलूप लागून सहा वर्षं झालेली.
ट्यूबा एका गावात, तो वाजवणारा दुसऱ्या,
मधे टेकडी,
आणि टेकडीपेक्षा जुनं वैर:
कुठल्याशा स्पर्धेच्या सकाळी कुणीतरी
कुणाच्यातरी कॉर्नेटमध्ये ओला पाव कोंबला होता.

शेवटी क्लिफर्ड सगडेन मोठा ढोल उचलून
माझ्या शेडमध्ये आला.
चामडं नवं, कोरं, सायीच्या रंगाचं.
"नाव घाल," म्हणाला, "दोघांचं मिळून एक."
मी विचारलं, मधला शब्द कुठला?
"तिथंच तर अडलंय. तू भाव सांग."
अक्षरामागे दोन पौंड. सोनेरी हवं तर तीन.

अमॅल्गमेटेड, असं सेक्रेटरीबाईंचं मत.
अकरा अक्षरं. ढोलाची कड संपून
शेवटची दोन माझ्या बाहीवर येतील.
शिवाय हाच शब्द कंपनीच्या त्या पत्राच्या माथ्यावर होता,
घरोघरी आलेल्या, रात्रपाळी बंद करणाऱ्या.
क्लिफर्डने बोटांवर हिशेब केला
आणि हिशेब न सांगता मान हलवली.

युनायटेड? सहा. परवडतो.
पण लोक विचारतील, गोल किती झाले.
जॉइंट पाचातच बसतो,
पण जॉइंट म्हणजे रविवारी भट्टीत भाजायचं मटण,
नाहीतर माझा हा डावा गुडघा,
जो डॉक्टर बदलू म्हणतो आणि मी नको म्हणते.
मिक्स्ड बिस्किटांच्या डब्यावर शोभतं.
त्यातली चांगली आधी संपतात, उरतात ती कुणाला नको असलेली.
"आम्ही तेच आहोत," क्लिफर्ड म्हणाला,
"पण ढोलावर कशाला लिहायचं?"

ब्लेंडेड म्हणजे चहा.
कुठलं पान कुठल्या मळ्याचं, कुणी सांगू नये, अशी त्याची कीर्ती.
तो म्हणाला, अंडरबेकची ट्रॉम्बोनं गर्दीत ओळखू आली पाहिजेत,
निदान चुकतात तेव्हा तरी.
कम्बाइन्ड म्हटलं की मला शेतातलं ते यंत्र दिसतं,
एका तोंडाने पीक खाणारं, दुसऱ्याने भुसा थुंकणारं.
मग कंपाउंड सुचलं, बोलून गेले,
आणि जीभ चावली.
त्याच्या भावाचा पाय खाली, तिसऱ्या थरात, तसाच मोडला होता,
हाड बाहेर आलेलं.
हॉस्पिटलच्या कागदावर हाच शब्द.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
टर्पेंटाइनच्या डब्यात ब्रश ढवळत राहिले.

माझ्या बापाने मला ब्रश धरायला शिकवला
तेव्हा सगळ्यात शेवटी दिलं होतं एक चिन्ह:
दुकानांच्या पाट्यांवर बाप आणि मुलगा यांच्यामध्ये असतं ते,
मांजर अंगाचं वेटोळं करून बसल्यासारखं.
मुळात ती दोन अक्षरं, ई आणि टी,
लिहिणाऱ्यांच्या घाईत एकमेकांच्या अंगावर पडलेली.
आता वेगळी काढायला गेलं तर
दोघांचंही काही उरत नाही.

खडूने ढोलाच्या मधोमध काढून दाखवलं.
क्लिफर्डने चष्मा कपाळावर चढवला.
"याचे किती? एकाचे की दोनाचे?"
तुझ्यावर आहे.
"एकाचे धर."

वरच्या कमानीत एक गाव, खालच्या कमानीत दुसरं.
वर कोण, यावरून पुन्हा दोन मिटिंगा झाल्या.
मी निरोप पाठवला, ढोल गोल आहे, फिरवा.

व्हिटच्या शुक्रवारी ते टेकडी उतरून आले,
वीस जण, दोन रंगांचे कोट,
दम्याचा माणूस शेवटी, झांज घेऊन.
टिपरू बरोबर मधोमध पडत होतं,
त्या वेटोळ्यावर.

गावांची नावं अजून तशीच आहेत, ताजी, तुकतुकीत.
झिजतं ते मधलंच.
दर मार्चमध्ये क्लिफर्ड ढोल घेऊन येतो,
मी तेवढंच पुन्हा भरते.
दोन पौंड.
तो अजून एकाच अक्षराचे देतो, तेही उधारीवर.