आखडता हात

देवळाली कॅम्पच्या मैदानावर
सकाळी सव्वासहाला चेंडू दवाने जड असतो.
ग्लोव्हजचा रबर थंडीत कडक होतो
म्हणून रात्री मी ते उशाखाली ठेवते.
आई म्हणते, कसला वास येतो गं तुझ्या केसांना.

उजागरे सर बारा पावलांवर उभे.
डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच.
सातपूरला पॉवर प्रेसवर होते एकोणीस वर्षं,
वॉशर पाडायचे, मिनिटाला बावीस.
पत्रा सरकव, हात मागे.
पत्रा सरकव, हात मागे.
"एकदा का हात विचार करायला लागला..." म्हणतात,
आणि पुढचं न बोलता शिट्टी फुंकतात.

सुरुवातीला मी चेंडूकडे बघायचे.
"चेंडू काय सांगणार तुला, केझिया?
तो निघाला की संपलं.
कंबर बघ. टेकलेला पाय बघ,
त्याचा अंगठा कुणीकडे तोंड करून आहे ते बघ.
चुगली तिथे होते."
आता सिटी बसमध्येही मला कळतं
बिटको पॉइंटला कोण उतरणार.
माणूस उठायच्या आधी
त्याची टाच उठते.

डोंगराकडे तोफांचा सराव चालतो.
धडाम सांगून येत नाही.
सर नेमके त्याच्यासाठी थांबायचे
आणि त्यावर किक मारायचे.
पापणी लवली, चेंडू जाळ्यात.
पापणी लवली, चेंडू जाळ्यात.
चार महिने मी फक्त पापणी शिकले.
लवते ती, अजून लवते.
पण उघडते तेव्हा हात जाऊन पोचलेला असतो
आणि मला मागाहून कळतं,
जसा ओट्यावरून पेला घरंगळतो
आणि तुमच्या हातात असतो,
आणि तुम्ही त्याच्याकडे बघत राहता,
हा कधी धरला?

कुणाला न दिसणारी एक उडी असते,
बोटभर उंचीची.
समोरचीचा पाय मागे जातो तेव्हा मी जमीन सोडते,
तिचा पाय चेंडूला लागतो तेव्हा टेकते,
दोन्ही पायांवर सारखी.
तेवढ्या वेळात मला
डावं नसतं, उजवं नसतं,
आडनाव नसतं.

एकदा गंमत म्हणून म्हटलं,
सर, आज तुम्ही उभे राहा.
नको नको म्हणत राहिले गोलपोस्टमध्ये,
चप्पल काढून, पँट दुमडून.
मी हळूच मारला, पोटाच्या उंचीवर,
लहान मुलाला टाकावा तसा.

त्यांचे दोन्ही हात मागे गेले.
झटक्यात. पाठीमागे.
चेंडू छातीवर आदळून माझ्याकडे परत आला.

त्यांनी हात पुढे आणून बघितले,
आधी डावा, मग उजवा.
"पुन्हा मार."
पुन्हा मागे.
"पुन्हा."
सात वेळा मारला मी.
सातव्यांदा मी मुद्दाम बाहेर मारला
आणि चेंडू आणायच्या निमित्ताने
नळापर्यंत लांब चालत गेले.

लोक म्हणतात हात आखडता घेऊ नये.
ज्या हाताची आठ बोटं शिल्लक आहेत
ती आखडता घेतल्यामुळेच आहेत,
हे त्यांना कोण सांगणार.

काल मनमाडच्या पोरींशी मॅच होती.
दोन गोल खाल्ले मी.
पहिला माझा गाढवपणा,
दुसरा कुणाच्याच बापाला थांबला नसता.
पण शेवटी शेवटी एक चेंडू
आमच्याच जुबेदाच्या गुडघ्याला लागून वळला.
त्याला कंबर नव्हती, टाच नव्हती,
चुगली करायला कुणीच नव्हतं.
माझं सगळं अंग डावीकडे निघालेलं
आणि एक हात, एकटाच,
उजवीकडे राहिला.
करंगळीला लागून गेला खांबावरून.

हरलो दोन-एकने.
सर आले, शाब्बास वगैरे काही नाही.
टेप सोडायच्या निमित्ताने
माझी बोटं एकेक करून दाबून पाहिली,
ओठ हलवत.

दहा भरली,
मग ग्लोव्हज परत दिले.