पस्तीस

गोळीबार चौकामागच्या आमच्या दोन खोल्यांत
कॉम्प्युटर एक होता, माणसं चार,
आणि त्यातली आई दुपारी झोपायची.
मेयोतली नाइट करून नऊला यायची,
चपला काढायच्या आधीच निम्मी झोपलेली.

बाबांचा आवाज शंभरावर.
बावीस वर्षं पॉवरलूमच्या मध्ये उभे राहिलेले,
कान अजून तिथंच विसरून आलेले.
भंडाऱ्याकडची खडी गंमत लावायचे,
ढोलकी अशी सुटायची
की फडताळातल्या वाट्या एकमेकींना लागायच्या
आणि आतून आई, डोळे न उघडता,
"अहो, मी जिवंत आहे का, पाहा तरी येऊन."

दादानं एका रविवारी सेटिंग करून टाकली.
"पस्तीसच्या वर जातच नाही आता. कितीबी ओढा."
पासवर्ड मला सांगितला,
कारण मी लहान होते आणि शपथ पाळायचे.
बाबांनी पट्टी ओढून पाहिली, टोकापर्यंत.
शंभर दिसायचं, पस्तीस वाजायचं.
"बरं झालं," म्हणाले,
आणि पट्टी पुन्हा मागे आणून ठेवली, नीट,
दुसऱ्याच्या घरातली वस्तू ठेवावी तशी.

हेडफोनही आणला होता बर्डीवरून, दीडशेचा.
आठवड्यात त्याचा डावाच कान उरला
आणि बाबांचा तर उजवाच काय तो होता.
उलटा घालून पाहिला. वायर गळ्यात आली.
"गोऱ्हा बांधल्यावानी वाटते बे," म्हणाले,
खिळ्याला टांगला. अजून असेल.

हिवाळा निभला.
एप्रिलात कूलर बसला,
नवं गवत, निळी टाकी, खिडकीत कोंबलेला पंखा.
त्याला कोणी पस्तीस सांगितलं नव्हतं.
आई मात्र त्याच्या घरघरीत गाढ झोपायची.
कूलर म्हणजे तिला पाणी,
ढोलकी म्हणजे माणूस,
आणि माणूस आला की तिला उठावं लागायचं.

बाबा तरीही बसायचे पडद्यासमोर.
हसायचेही.
मी बाजूला गणितं सोडवत होते,
सरासरीच्या उदाहरणात अडकले होते,
तेव्हा लक्षात आलं,
ते सोंगाड्याच्या बोलण्यावर हसत नव्हते.
तिथले लोक हसले की हसत होते,
जरासे मागून,
अनोळखी पंगतीत बसल्यासारखे.

"बाबा, ऐकू येऊन राह्यलं ना?"
"येते ना. काऊन?"

मग मे. शेहेचाळीस.
दुपारी जाग आली ती घामानं. कूलर बंद.
लाइट गेली म्हणावं तर पडदा चालू,
आणि बाबा,
बनियन पाठीला चिकटलेली,
उजवा कान स्पीकरच्या जाळीला लावलेला,
डोळे मिटलेले.
एक हात मागे, कूलरच्या बटनावर,
आई कुशीवर वळली
की लगेच चालू करायला.

काहीतरी बोलला असावा सोंगाड्या.
बाबा हसले.
त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच
लोकांच्या आधी.

रात्री आई ड्यूटीवर गेली, दादा गच्चीवर.
मी पासवर्ड टाकला.
शपथेला काय सांगायचं ते ठरलं नव्हतं.
पन्नास केले. मग आईचे पाय आठवले,
घोट्याशी सुजलेले. चाळीस केले.
अडतीस.
बराच वेळ तो आकडा पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी कूलर चालू होता.
बाबांनी पट्टी ओढली, थबकले,
माझ्याकडे पाहिलं नाही.
"स्पीकर मोकळा झाला वाटते," म्हणाले, "उन्हानं."

मी वहीत मान घातली.
आतल्या खोलीतून, भिंतीकडे तोंड करून,
डोळे अर्थातच मिटलेले असणार,
आई हळूच मला म्हणाली,
"अजून दोन चालते."

बाबांना ते ऐकू गेलं नाही.